गप्प बर्फ

साडेतीनला अंधार पडला तसा उर्वेने
टेबलावरचा दिवा जवळ ओढला,
कीबोर्डवरून राईच्या पावाचा चुरा झटकला.
कार्ड्लाच्या ग्रंथालयावरच्या या दोन खोल्यांतून
बेटाच्या फेरीबोटीची तिकिटं विकली जातात.
आज बोट नाही. वारा आहे.
म्हणजे फोन आहेत.

फोन संपवून राईमो म्हणाला
(तार्तूहून आलेला, सोमवारपासून रुजू),
तुमच्या कोडमध्ये एकही लाल रेघ नाही,
इतका स्वच्छ कोड मी कुठे पाहिला नाही.
मी खूश झालो. कोड बहुतेक माझाच.

उर्वे चौदा वर्षं बंदराचे हिशेब लिहायची.
बेरीज पहिल्या फटक्यात जुळली
की तिला आधी शंका यायची.
तिने मुद्दाम एक नाव जाहीर केलं,
ते कुठेच वापरलं नाही.
तीन बरोबरच्या जागी दोनच बरोबर ठेवले.
एडिटर ढिम्म.
अळीमिळी गुपचिळी.

मग ती सांगू लागली वडिलांचं, एवाल्डचं.
बेटावरून मुख्य भूमीपर्यंत गोठलेल्या समुद्रावर
हिवाळ्यात रस्ता असायचा, त्यावर ते राखणीला.
नियम फळ्यावर: पट्टा लावायचा नाही.
पंचविसाच्या खाली चालवा नाहीतर चाळिसाच्या वर,
मधल्या वेगाने मुळीच नाही.
नवखे हसायचे.
एवाल्ड हसायचे नाहीत. म्हणायचे,
बर्फ कुरकुरतो तोवर बरा,
मला भीती गप्प बर्फाची.

सापडलं ते असं:
एडिटरमध्ये उघडलं होतं एक पायरी वरचं फोल्डर,
बोटींचे फोटो, जुनी वेळापत्रकं,
आणि कोपऱ्यात खरा प्रकल्प.
लिंटर उंबऱ्यात उभा राहून
नियमांची फाइल मागत होता,
फाइल तळघरात.
मिळाली नाही म्हणून तो बसला हात बांधून
तीन वर्षं.
सेटिंग माझं. मी काही बोललो नाही,
चहा ठेवायला उठलो.

योग्य फोल्डर उघडलं. तरीही भागलं नाही.
व्ह्यूच्या एकेका फाइलीत तीन बिऱ्हाडं,
साचा, कोड आणि रंगरूप;
हेही घर तुझंच, तपास,
असं लिंटरला वेगळं सांगावं लागलं.
मग जतन करताच ओळी थरथरायला लागल्या:
एक जण ओळीच्या शेवटी अर्धविराम लावी,
दुसरा लगेच पुसून टाकी.
दोघेही आपापल्या जागी बरोबर.
राईमोने दुसऱ्याला नुसतं ओळी रचायला ठेवलं,
अर्धविरामाचा वाद यादीत सर्वांत शेवटी लिहिला,
कारण तिथे शेवटी येणाऱ्याचंच चालतं.

आणि पडदा पेटला.
एक हजार चारशे बारा.
राईमोचा चेहरा उतरला, माझा आधीच उतरलेला.
उर्वे खुर्चीत मागे रेलली,
"बोलला एकदाचा," म्हणाली.

आठवडाभर आम्ही रेघा पुसतोय.
बऱ्याचशा क्षुल्लक. एक मात्र अशी,
की वयस्कांची सवलत कुणालाच मिळत नव्हती
एका बरोबरच्या चिन्हापायी.
फोनवर ती म्हातारी माणसं काय सांगत होती
ते आता कळलं.

शुक्रवारी उरली एकच पिवळी रेघ, माझ्या जुन्या फाइलीत.
बर्फरस्ता: खोटं.
जाहीर केलेलं, कधीच न वापरलेलं.
रस्ता उघडला की मुख्य पानावर सूचना झळकावी
म्हणून मी लिहून ठेवलं होतं;
नंतरचे हिवाळे आले
आणि समुद्र नुसता हलत राहिला.

राईमोने पुसायला बोट उचललं.
उर्वेने त्याचा हात बाजूला केला,
त्या ओळीच्या वर एक ओळ लिहिली,
खालची ओळ तपासू नकोस,
कारणाच्या जागी वडिलांचं नाव,
आणि जतन केलं.

खिडकीबाहेर वारा तसाच.
फोन वाजला. मी घेतला.