ज्वारीच्या मुलखातली वही

आबाजींच्या पेटीत, लष्करी घोंगडीच्या घडीत
ही वही सत्तर वर्षं पडून होती.
ते पुलगावच्या डेपोतून रिटायर झाले, मग गेले.
घरच्यांना वाटायचं, चिनी मंत्रतंत्र असेल.
आतेबाईनं एकदा शेवटच्या पानावर
शाईनं दुधाचा हिशोब मांडला:
मंगळवार दीड पाव, बुधवार नागा.

मी कोरियन शिकले ती पोटासाठी,
रांजणगावच्या कारखान्यात साहेबाचं सगळं बोलणं
मजुरांना सांगायला
आणि मजुरांचं अर्धंच साहेबाला.
या दिवाळीत वही उघडली, तर अक्षरं ओळखीची.

लिहिणारा कोरियाचा. नाव पहिल्या पानासोबत फाटलेलं.
चिन्यांनी धरला, गोठलेल्या नदीपलीकडे नेला,
एका खेड्यात कामाला ठेवला.
लढाई थांबल्यावर कैद्यांवर भारताचा पहारा होता,
आबाजी तारेबाहेर उभे होते.
विचारलं की एवढंच म्हणायचे:
"त्यानं देल्ली, म्या घेतली."

ओसरीवर वाचत गेले, जमेल तसं मराठी करत.
"इथे माणसाहून उंच ज्वारी."
बेबीबाईनं मान वर केली. "ज्वारी? चीनात?"
"धांड्यांचं छप्पर, धांड्यांचं कूड, चुलीत धांडेच.
धूर विटांच्या ओट्याखालून फिरतो,
त्या ऊबेवर सगळं घर झोपतं.
सासरा त्या कडेला, मी या कडेला.
मी शत्रू. गोधडी एकच."

आमच्याकडे आता सोयाबीन.
ज्वारी पेरली की डुकरं, रोही, पाखरं. कोण राखेल?
माझ्या पुतण्याला धांडा म्हणजे काय ते सांगावं लागलं.

"म्हातारी टाचांवर चालते, लहानपणी पावलं बांधलेली.
सून धाडधाड चालते,
रात्री खळ्यावर अक्षरं शिकायला जाते.
म्हातारी आतून कडी घालते.
मी उठून कडी काढतो.
या घरात कैदी मी, आणि दार उघडायचं मीच."
पंचफुला हसली, मग सासूकडे बघून थांबली.

"चार वर्षांमागे याच खळ्यावर
जमीनदाराला उभं केलं होतं म्हणतात.
एकेक जण पुढे येऊन आपलं दुःख बोलला.
ज्याला आठवेना त्याला मागून कुणी सांगितलं.
त्याचे बूट आता गटप्रमुखाच्या पायात आहेत.
मोठे होतात. आत भुसा भरतो."

इथं कुणी बोललं नाही.
पाटलाचा धाकटा तंबाखू मळत बसला होता,
मळतच राहिला.

"पहाऱ्यावरचा पोरगा सतराचा. लिहिता येत नाही.
आईला पत्र मी लिहून देतो.
म्हणाला, लिही: मी धडधाकट आहे, जेवण आहे,
कैदी चांगला आहे.
लिहिलं. कैदी चांगला आहे.
माझ्याबद्दल माझ्याच हातानं,
त्याच्या सहीच्या जागी त्याचा अंगठा."

मग पानंच्या पानं थंडी, उवा, कोबी.
मग तार.
"रोज विचारतात, कुठे जाशील? इकडे की तिकडे?
बाहेर एक उंच सावळा शिपाई.
त्याला वही दाखवली. त्यानं ती उलटी धरली,
बराच वेळ मन लावून पाहिली.
म्हणून याच्याकडेच देतो."

आणि शेवटचं पान, पेन्सिलीचं,
त्यावर मंगळवार दीड पाव, बुधवार नागा.
खाली "उद्या" एवढंच लागतं,
आणि एका गावाचं नाव, अर्धं.
उजेडात धरलं, तिरपं धरलं.
आतेबाई म्हणाली, "मले काय मालूम होतं वो."

दिवे लागले. माणसं उठली.
बेबीबाई मात्र पायरीवरच.
"पोरी, थे ज्वारी कोणती होती?
लाल का पांढरी? त्यानं लिवलं असन नं.
पाय बरं अजून एकदा."