शेवेचा चुरा

सत्तावीस तारीख. धरणगावच्या बाजारात
रुखमाबाई शेव मागत नाही,
डब्याच्या तळाचा चुरा मागते.
फरसाणवाला काटा न बघताच
पुडी बांधतो. दहा रुपये.

खोबरं संपलेलं. निखाऱ्यात भाजला कांदा,
त्यात मूठभर शेंगदाणे, काळा मसाला,
तेल दोनच पळ्या,
पण तवंग असा
की शेजारचा सुपडू उगाच
विळा मागायला आला.

त्यालाही बसवलं.
रश्शात तांब्याभर पाणी, मीठ पुन्हा चाखून.
चुरा विरघळत गेला
आणि रस्सा दाटला, अख्ख्या शेवेनं
कधी दाटत नाही तसा.

कळण्याची भाकरी कुस्करता कुस्करता
धाकटा म्हणाला, "माय, शेव कोठे शे?"
"तुना पोटमा."

पुडीचा तेलकट कागद
तिनं घडी घालून फळीवर ठेवला:
उद्या धिरड्यांच्या तव्याला.