नावे बाजू

रुवीत, घड्याळाच्या चौकामागे,
स्पेअर पार्टच्या दुकानात
एकोणीस वर्षं मी हिशेब लिहिले.
पाच बैसांचा फरक सापडेना म्हणून
एकदा रात्री दीडपर्यंत बसलो होतो
गार पडलेल्या सुलेमानीसमोर.
सापडला.
शेटनं पाच बैसांचं नाणं बक्षीस दिलं, हसत.

खोलीत आम्ही चौघं.
वरच्या बंकवर खेडचा इस्माईल हमदुले,
दर सहा महिन्यांनी, शुक्रवारी,
न दुखता दातांच्या डॉक्टरकडे जाणारा
अख्ख्या इमारतीतला एकमेव इसम.
दहा रियाल देऊन दात घासून घ्यायचा.
आम्ही म्हणायचो, अरे, ब्रश काय महाग झालेत?
मी तर म्हणालो होतो,
दात कोरून पोट भरतं होय रे?
तो आरशात बघून जीभ फिरवायचा, बस.

एकदा सोबत म्हणून गेलो.
एसी बरा होता तिथला.
डॉक्टर लिजी म्हणाल्या, आलाच आहात तर बसा.
छोटा आरसा, लांब शांतता.
मग, खालच्या दाढेत ठिपका आहे,
मोहरीएवढा.
आज बारा रियाल.
म्हटलं, पुढच्या महिन्यात बघू.

त्या बारांत गावी मिक्सर आला.
दोन वर्षांत जळला.
मोहरी मात्र टिकली, वाढली,
तिनं घर केलं, शेजारणीला बोलावलं.

रमजानातली ती रात्र.
हमदुलेच्या मसाल्याच्या डब्यातली लवंग
दाढेखाली धरून मी भिंत मोजत होतो.
सहरीला उठला तो,
खजूर हातात तसाच ठेवून म्हणाला,
संध्याकाळी दवाखाना उघडेल, मी येतो.
संध्याकाळ. बारा तास.
बारा रियाल आठवले, प्रत्येक तासाला एक.

कंपनीच्या कार्डात डोळे बसतात, अपेंडिक्स बसतं,
दात बसत नाहीत.

परवा वही काढली. माझी स्वतःची, पहिल्यांदाच.
रूट कॅनाल दोन, एकशेसत्तर.
टोप्या दोन, एकशेचाळीस.
तीन उपटल्या, पंचेचाळीस.
त्यातल्या दोन जागी स्क्रूवाले, सातशेसाठ.
कापलेले रोज चार, छत्तीस.
नावे: अकराशे एकावन्न.

मग हमदुलेचं पान.
अडतीस शुक्रवार, तीनशेऐंशी.
दोन ठिपके, वेळेत भरलेले, चोवीस.
नावे: चारशेचार.
आणि पुढं, रकाना नसलेल्या जागेत:
तोंडात बत्तीस.

सातशेसत्तेचाळीसचा फरक.
हा मला दीडपर्यंत बसूनही
मिटवता येणार नव्हता.
रुपयांत केला नाही.
झोप लागली नसती.

खालच्या बंकवर नवा पोरगा आलाय, यतीन,
माणगावचा, तेविसाचा.
थंड पाणी पिताना डावीकडून पितो.
विचारलं तर, छे हो काका, दुखत कुठंय.
उपदेश आला होता ओठांवर.
गिळला. वही पुढे केली.
बी.कॉम. आहे, बोट ठेवत खाली आला,
आणि म्हणाला,
काका, यात गोळ्या धरल्या नाहीत.
तीन वर्षं खात होतात ना, पट्टीच्या पट्टी?

खरंच की.
एकोणीस वर्षांत माझी चूक
प्रथमच दुसऱ्यानं काढली.

शुक्रवारी तिघं निघालो.
यतीन पायऱ्यांवर विचारत होता,
दहाचे आठ करतील का.
हमदुलेनं खिशातून पुडी काढली,
घरून आलेले फुटाणे, खरपूस, सालासकट.
मी दोन घेतले, उजवीकडे ठेवले, भिजू दिले.
तो भर उन्हात
कडाकड चावत पुढे चालला होता,
मागे न बघता,
सुटे मोजल्यासारखा.