कडता

फाईल फ्रिजवर सापडली, बिस्किटाच्या पुड्याखाली.
वकिलाची बिलं, नऊ महिन्यांची, तारीखवार.

फोनवर चर्चा, अकरा मिनिटं. अर्धा तास धरला.
घरी भेट, एक तास दहा. दीड धरला.
कागद वाचले. कागद पुन्हा वाचले.
अशिलाची विचारपूस, पंधरा मिनिटं.
विचारपूस!
तिचेसुद्धा अडीचशे रुपये.

सेलूत तासावरचा वकील मी ऐकला नव्हता.
इथे वकील तारखेवर असतात, नाहीतर ओळखीवर,
कुणी निकालानंतर ज्वारीचं पोतंही घेतं.
हा संभाजीनगरहून शिकून आलेला,
मनगटावर काळं घड्याळ, पावलंही मोजणारं.
आणि दावा तरी काय, बायपासमध्ये गेलेल्या प्लॉटचे
थोडे जास्तीचे पैसे.

विश्वंभर चाकणहून फोनवर ओरडला,
म्हाताऱ्या माणसाला लुबाडतायत दिवसाढवळ्या!
मग थांबला. आवाज खाली आणून म्हणाला,
"पण प्लॉटचा भाव काय चाललाय गं तिकडं?"

बाबा मोंढ्यात मापाडी होते, एकतीस वर्षं.
कापूस, तूर, मूग. काट्याच्या दांडीकडे बघूनच
वजन सांगायचे, आकडा मागून यायचा.
मी बिलं पुढ्यात आपटली तेव्हा
सुपारी कातरणं काही थांबवलं नाही त्यांनी.
"कडता हाय त्यो," म्हणाले.
"क्विंटलामागं दोन किलो आम्ही बी कापायचो.
माती धरून, वलावा धरून, बारदाना धरून.
काट्यावर अंगठा कुठं ठिवतेत
ते मला नको सांगू बाई. ह्यो बग."

मी बघितला. चपटा, नखाला उभी चीर.
माझी कॉलेजची फी याच अंगठ्याखालून आली
असं ते म्हणाले नाहीत.
मीही विचारलं नाही.

"कळतंय तर देता कशाला?"
अडकित्ता वाजला.
"शनवारी येतो. बसतो.
काटा कसा मारतेत ते मी सांगतो, त्यो ऐकतो."
"पैसे घेऊन ऐकतो, बाबा."
यावर नुसते खोकले.

शनिवारी दार मीच उघडलं. चहा दिला नाही.
उभ्यानेच विचारलं सगळं:
अकराचे तीस कसे होतात,
विचारपूस कोणत्या कलमात बसते,
स्वतःच्या आईला तासाचे किती लावता.
कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाला तो.
चपला शोधता शोधता म्हणाला,
"काका मला खरंच आवडतात, ताई."
असेलही खरं. तिशीतला पोरगा,
भाड्याची खोली, गावात ओळख ना देख.
घड्याळ मात्र मनगटावर चालूच होतं.

पंधरवड्याने बाबांचा फोन. इतके हसत होते
की मध्ये मध्ये श्वास घ्यावा लागत होता.
नवं बिल वाचून दाखवलं, एकेक अक्षर लावत:
अशिलाची विचारपूस, चाळीस मिनिटं. आकार नाही.
अशिलाच्या मुलीशी चर्चा, बावीस मिनिटं.
अर्धा तास धरला.

"तुला बी तोललं की गं त्यानं!"

"भरू नका ते बिल," मी म्हणाले.
"भरलं," म्हणाले.
"तुझा अर्धा तास व्हता त्यात."