मागणी: नगण्य

पुंता अरेनासमध्ये वारा
आधी कडी वाजवतो, मग दार ढकलतो.
मी सकाळी सातला शेगडीशी बसून
यादी उघडते.

यादी म्हणजे लोकांनी विचारलेलं
आणि यंत्राने जगभर हिंडून
रिकाम्या हाताने परत आणलेलं.
आडातच नाही, तर पोहऱ्यात कुठून येणार?
म्हणून आम्ही. आड भरणारे.
एका उत्तराला चार हजार पेसो,
सांतियागोची कंपनी महिनाअखेर देते,
काहीबाही कापून.

प्रश्नापुढे आकडा असतो, किती जणांनी विचारलं.
पत्र्याच्या छपराची शीळ कशी बंद करावी: नव्वद.
भांड्यावर कोरलेलं नवऱ्याचं नाव घासून जातं का: चौदा.
पेंग्विनला सर्दी होते का: दोन हजार सहाशे,
हा मी काल उरकला, जांभया देत.

माझी आई रेडिओवर निरोप वाचायची.
दुपारी साडेबाराला, दूरदूरच्या मेंढवाड्यांसाठी.
"लागुना चिका इस्टेटीवरच्या सेल्सो ऊरिबेस,
ऑपरेशन झालं, काळजी नसावी,
बूट शनिवारच्या ट्रकने पाठवते आहे."
पलीकडे सेल्सो ऐकतोय की नाही
हे तिला कधीच कळलं नाही.
वाचून घसा बसतो, म्हणायची,
न वाचता पोटात दुखतं.

सप्टेंबरात यादीच्या तळाला एक ओळ आली:
एकट्या माणसाने रात्री
अडलेलं कोकरू कसं सोडवावं.
विचारणारे: एक. पहाटे तीन दहा.
मागणी: नगण्य.
शेजारी राखाडी अक्षरांत सल्ला: वगळा.

'एकट्या माणसाने.'
यंत्राला विचारताना
हे दोन शब्द कुणी उगीच लिहीत नाही.

मी पोर्वेनीरला ओविदिओमामाला फोन लावला.
चाळीस वर्षं मेंढ्यांत काढलेला माणूस,
माणसांशी मात्र मोजून बोलतो.
नखं काप, म्हणाला. कोपरापर्यंत साबण.
दोन खूर आणि नाक हाताला लागलं तर देव पावला.
एकच खूर लागला, तर दुसरा पाय मागे दुमडलाय;
कळ ओसरली की डोकं हळूच आत सरकव,
खूर मुठीत झाक, म्हणजे आतून फाटायचं नाही,
आणि पाय पुढे आण.
कळ आली की ओढ, खालच्या अंगाला.
कळ नाही तेव्हा थांब.
थांबणंच जमत नाही कुणाला.
मागे नळ वाहताना ऐकू येत होता.
बोलता बोलता मामा हात धूत होता.

लिहिलं. पाठवलं.
कंपनीतल्या फाबियानने कळवलं,
यात जाहिरात कुठे बसवायची, येर्का?
पैसे नाहीत मग.

वाचणारे: शून्य. दुसरा आठवडा, शून्य.
ते कोकरू तोवर गेलं असणार,
कदाचित मेंढीसुद्धा,
हे लिहितानाच मला ठाऊक होतं.

ऑक्टोबरच्या एका सकाळी: एक.
पहाटे दोन पन्नास. अकरा मिनिटं थांबला.
नियमच आहे, उत्तर सापडलेला प्रश्न
यादीतून पुसला जातो.
तळाला ओळभर मोकळी जागा राहिली,
दात पडल्यावर जीभ तिथेच जावी
तशी मी तिथे बघत राहिले.

मग पान ताजं केलं.
त्याच जागी, चार वाजून पाच मिनिटं:
नुकतंच झालेलं कोकरू चीक ओढत नसेल तर.
विचारणारे: एक.
मागणीचा रकाना मी वाचला नाही.

सात वाजून गेले होते, तीन तास सरले होते.
सामुद्रधुनीपलीकडे फोन वाजत राहिला,
वाजत राहिला,
आणि मामाने खोकत उचलला तेव्हा
नमस्कार-चमत्कार सगळं विसरून म्हटलं,
उठ.
झालंय ते. जिवंत आहे.
आता पुढचं सांग.