मागे घेताना

दहा मिनिटं नुसती सुरू ठेव, वेंडेल म्हणाला,
तेलाला जाग येऊ दे.
खाली लडलोचे दिवे. व्हरमाँट, रात्रीचे दोन, उणे एकोणीस.

पातं हलकं धर.
बर्फाखालचा दगड दिसत नाही
म्हणजे नाहीच, असं समजू नकोस.
उघड्या खडीवर जागच्या जागी वळू नकोस.
आणि मागे घेताना टिलर उचल. आधी.

मी विसरले. एकदाच.
दाढेखाली खडा यावा तसा आवाज.
तो ओरडला नाही. टॉर्च तोंडात धरून
गुडघ्यांवर बसला, टिलरचे दात मोजत.
नऊ गेले होते.
दहावा त्याने माझ्या हातमोज्यात ठेवला, वाकडा.

अजून आईशी फोनवर
मागचं काही निघालं
की उजवा हात आपोआप
लिव्हर शोधू लागतो.