फिशी

आल्दा टीचरनं फळ्यावर लिहिलं : फिशी.
म्हणजे, कुठंतरी पाणी मुरतंय.
शिवोलीचा अख्खा वर्ग माझ्याकडं वळला;
माझ्या दप्तराला बांगड्यांचा वास.

बाजारात आईला सांगितलं.
बर्फ सारत ती म्हणाली,
"त्या भाषेला ताजी मासळी
कुणी खिलवलीच नाही, बाय."
इसवणाचा कल्ला उचलला : लालभडक.
"वास येतो तो खरा."

पलीकडं ट्रकातून आलेले पापलेट,
आठवडाभराचे, तरी चकचकीत.
वास नाही. एक माशी बसेना.
आई कुजबुजली,
"तिथंच माशी शिंकली."

मग गिऱ्हाईक आलं.
तागडीच्या बुडाशी चिकटवलेली चिंच
मी पाहिली.
मी पाहिलं, हे आईनं पाहिलं.

त्याला इंग्रजीत काय म्हणतात,
टीचरला विचारायचं
अजून राहिलंय.